एसक्यूएलमधल्या रँडम संख्या आणि स्ट्रिंग : चिठ्ठी नेमकी कुणासाठी काढायची?

आजचा विषय वरवर पाहिला तर एका ओळीचा आहे. डेटाबेसला म्हणायचं, एक रँडम संख्या दे, तो देतो. आठ अक्षरांचा एक रँडम कोड दे; थोडी खटपट केली की तोही देतो. मग तासभर बोलायचं काय? तर ‘रँडम’ या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी मागत असतो, आणि साधं फंक्शन त्यांतली फक्त पहिली देतं. बाकीच्या दोन मिळाल्या असं आपल्याला वाटतं, कारण उत्तर दिसायला सारखंच असतं.

पहिली मागणी विविधतेची. चाचणीसाठी एक लाख खोटे ग्राहक भरायचे आहेत. सगळ्यांचं वय ३० असून चालणार नाही. दुसरी मागणी गुप्ततेची. पासवर्ड विसरलेल्या माणसाला आपण लिंक पाठवतो, तिच्यातला कोड दुसऱ्या कुणाला ओळखता येता कामा नये. तिसरी मागणी न्यायाची. जागा शंभर, अर्ज हजार, म्हणून सोडत काढायची. आणि ज्याचा नंबर लागला नाही त्यालाही खात्री पटली पाहिजे की आत कुणी हात घातलेला नाही. या तिन्हींसाठी वेगळी साधनं लागतात. आधी साध्या गोष्टींपासून सुरुवात करू.

फासा टाकून बघू

मायएसक्यूएलमध्ये ‘रँड’ नावाचं फंक्शन आहे. ते ० ते १ मधली अपूर्णांकातली संख्या देतं. ० येऊ शकतो, १ कधीच येत नाही. पोस्टग्रेसमधलं ‘रँडम’ तेच करतं. ओरॅकलमध्ये ‘डीबीएमएस रँडम’ या पॅकेजातलं ‘व्हॅल्यू’ वापरतात. एसक्यूलाइटचा स्वभाव वेगळा: तिथलं ‘रँडम’ थेट ६४ बिटांची पूर्णांक संख्या देतं, तीही धन किंवा ऋण.

आता फासा हवा, म्हणजे १ ते ६. पुष्कळ जण लिहितात: रँडला ५ ने गुणा, १ मिळवा आणि ‘राउंड’ करा. आकडे १ ते ६ मधलेच येतात, त्यामुळे चूक दिसत नाही. पण नीट बघा. १ यायचा तर संख्या १ ते १.५ मध्ये पडायला हवी, म्हणजे अर्धीच जागा. २ यायचा तर १.५ ते २.५, म्हणजे पूर्ण जागा. ६ लाही अर्धीच. म्हणून १ आणि ६ दहा-दहा टक्के वेळा येतात, आणि मधले चार आकडे वीस-वीस टक्के वेळा. असा फासा कुणी खेळायला घेईल का? बरोबर रीत अशी: रँडला ६ ने गुणा, ‘फ्लोअर’ने खालचा पूर्णांक घ्या, मग १ मिळवा. पोस्टग्रेसच्या १७व्या आवृत्तीपासून ‘रँडम’ला थेट १ आणि ६ अशा दोन मर्यादा देता येतात, त्यामुळे ही भानगडच उरत नाही.

फंक्शन कितीदा चालतं?

इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हजार ओळींच्या टेबलावर ‘रँड’ चालवलंत तर हजारही ओळींत एकच आकडा येतो. कारण तिथे ते एका क्वेरीत एकदाच मोजलं जातं. म्हणून तिथले लोक ‘न्यूआयडी’ वापरतात. ते प्रत्येक ओळीला नवा ओळखक्रमांक देतं. त्याचा ‘चेकसम’ काढायचा, ‘अ‍ॅब्स’ने ऋण चिन्ह काढून टाकायचं आणि हव्या त्या संख्येने भागून बाकी घ्यायची.

यातही एक खडा आहे. चेकसमची सगळ्यात लहान किंमत उणे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८ अशी असते, आणि धन बाजूची मर्यादा त्याहून एकाने कमी. नेमकी ती संख्या आली की ‘अ‍ॅब्स’ला उत्तर मावत नाही आणि क्वेरी कोसळते. सुमारे ४२९ कोटींत एकदा घडणारी गोष्ट! चाचणीत ती दिसणार नाही. मोठ्या टेबलावर रोज चालणाऱ्या कामात एखाद्या रात्री दिसेल. उपाय सोपा आहे: आधी बाकी काढा, मग चिन्ह काढा. एसक्यूलाइटमध्येही ‘अ‍ॅब्स’ आणि ‘रँडम’च्या जोडीला हेच लागू पडतं, फक्त तिथली मर्यादा ६४ बिटांची.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये उलटी गंमत आहे. तिथे फंक्शन दर ओळीला नव्याने चालतं. म्हणून ‘ज्याचा क्रमांक १ ते १००० मधल्या एका रँडम आकड्याइतका आहे तो ग्राहक दे’ अशी अट ‘व्हेअर’मध्ये थेट लिहिलीत, तर दर ओळीपाशी नवा फासा पडतो. कधी एक ग्राहक मिळतो, कधी दोन, कधी एकही नाही. आकडा आधी एकदा काढून ठेवा आणि मग त्याच्याशी तुलना करा.

आता स्ट्रिंगकडे

ओरॅकलवाल्यांचं नशीब चांगलं. त्यांच्या पॅकेजात ‘स्ट्रिंग’ नावाचं फंक्शन तयार आहे; मोठी अक्षरं हवीत, की लहान, की अक्षरं आणि अंक मिसळून, हे सांगायचं आणि लांबी द्यायची. बाकीच्यांनी हाताने करायचं. हवी ती अक्षरं एका ओळीत लिहायची, रँडम जागा काढायची, ‘सबस्ट्रिंग’ने तिथलं एक अक्षर उचलायचं, असं आठ वेळा करून जोडायचं.

पोस्टग्रेसमध्ये हे काम ‘जनरेट सिरीज’ आणि ‘स्ट्रिंग अ‍ॅग’ वापरून एका उपक्वेरीत सुबक बसतं. पण ती उपक्वेरी बाहेरच्या ओळीतल्या कुठल्याच रकान्याचा उल्लेख करत नसेल, तर पोस्टग्रेस ती एकदाच चालवतो आणि सगळ्यांना तोच कोड वाटतो. आत बाहेरच्या ओळीतला एखादा रकाना वापरला की मग ती दर ओळीला चालते.

अक्षरं कोणती घ्यायची, हाही व्यवहाराचा प्रश्न आहे. कोड कुणीतरी फोनवर वाचून दाखवणार असेल तर इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’, ‘एल’ आणि एक यांचा घोळ ठरलेला. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या ३२ चिन्हांच्या पद्धतीत म्हणूनच आय, एल, ओ आणि यू ही चार अक्षरं वगळली आहेत. ३२ या संख्येचा आणखी एक फायदा आहे. एका बाइटच्या २५६ किमती होतात आणि २५६ ला ३२ ने पूर्ण भाग जातो, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या वाट्याला बरोबर ८ किमती येतात. तेच तुम्ही एका बाइटला १० ने भागून अंक काढलात तर ० ते ५ या अंकांना २६-२६ किमती मिळतात आणि ६ ते ९ यांना २५-२५. फरक लहान आहे, पण आहे. २५० आणि त्यावरचे बाइट टाकून देऊन पुढचा बाइट घेतला की तो मिटतो.

आणि एक लाडकी युक्ती: रँडचा ‘एमडीफाइव्ह’ काढायचा आणि त्यातली पहिली काही अक्षरं घ्यायची. दिसायला फार भारदस्त दिसतं. पण एमडीफाइव्ह म्हणजे गिरणी. आत जे टाकाल तेच दळून मिळणार. समजा तुम्ही आत सेकंदातली वेळ टाकलीत. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे कोड ३२ अक्षरी दिसला तरी एका दिवसात शक्य असलेले कोड ८६,४००च. कुणीही ते सगळे काढून ठेवू शकतो. लांबीवरून ताकद ठरत नाही. आत किती अनिश्चितता गेली त्यावरून ठरते.

डब्याचं झाकण उघडू

मग साध्या ‘रँड’च्या आत किती अनिश्चितता असते? मायएसक्यूएलच्या रँडचं गणित इतकं छोटं आहे की आपण ते इथेच करून बघू शकतो. आत दोन संख्या असतात. दर वेळी पहिलीची तिप्पट करायची, त्यात दुसरी मिळवायची, एका ठरलेल्या भाजकाने भागायचं आणि बाकी घ्यायची. ही झाली नवी पहिली. मग नवी पहिली, जुनी दुसरी आणि ३३ यांची बेरीज करून पुन्हा त्याच भाजकाची बाकी घ्यायची. ही नवी दुसरी. आपल्याला जे उत्तर मिळतं ते म्हणजे नवी पहिली भागिले भाजक. खरा भाजक १०७ कोटींच्या घरात आहे; फळ्यासाठी आपण १०१ घेऊ.

सुरुवात २० आणि ४५ ने करू. २० ची तिप्पट ६०, अधिक ४५, झाले १०५, बाकी ४. नवी दुसरी: ४ अधिक ४५ अधिक ३३, म्हणजे ८२. पुढची फेरी: ४ ची तिप्पट १२, अधिक ८२, झाले ९४. नवी दुसरी: ९४ अधिक ८२ अधिक ३३, २०९, बाकी ७. तिसरी फेरी: ९४ ची तिप्पट २८२, अधिक ७, २८९, बाकी ८७. बाहेरच्या माणसाला दिसले ४, ९४, ८७. दिसायला कसे अगदी अस्ताव्यस्त, नाही का?

आता तुम्ही बाहेरचे आहात असं समजा. २० आणि ४५ तुम्हाला माहीत नाहीत. तुम्ही फक्त ४ आणि ९४ पाहिलेत. ४ ची तिप्पट १२. ९४ मधून १२ गेले, उरले ८२. म्हणजे लपलेली दुसरी संख्या तुमच्या हातात आली! आता ९४, ८२ आणि ३३ मिळवून बाकी ७. ९४ ची तिप्पट अधिक ७, बाकी ८७. तिसरा आकडा यायच्या आत तुम्ही तो सांगितलात. आणि इथून पुढचे सगळेच सांगू शकता.

खऱ्या भाजकालाही हेच लागू होतं. एकाच कनेक्शनवरची लागोपाठची दोन पूर्ण उत्तरं मिळाली की पुढची सगळी उत्तरं ठरली. उत्तरं पूर्ण मिळाली नाहीत, नुसते फ्लोअर केलेले आकडे मिळाले, तर नमुने जास्त लागतील, आकडेमोड वाढेल, तत्त्व तेच. आणि ‘एकाच कनेक्शनवर’ ही अट फार मोठी समजू नका. आजकाल वेबसाइटच्या मागे कनेक्शनचा पूल असतो, एकच कनेक्शन एकामागून एक वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या कामी येतं. मी माझ्या खात्यासाठी दोनदा कोड मागवला, तिसऱ्यांदा तुमच्या खात्यासाठी मागवला, तर काय होईल ते लक्षात घ्या.

मग हे फंक्शन वाईट आहे का? नाही. त्याचं काम वेगळं आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने दहा लाख रँडम आकड्यांचं पुस्तक छापलं. योगायोगाने नावही रँड! विजेवर चालणाऱ्या एका प्रकारच्या रूलेट यंत्रातून ते आकडे काढले होते. नमुना पाहणीसाठी संशोधकांना ते उपयोगी पडले. पण त्या पुस्तकातून कुणी तिजोरीचा नंबर निवडला असता तर? छापील आकडे उत्तम रँडम होते, गुप्त मात्र नव्हते. साधं रँड म्हणजे असंच एक छापील पुस्तक समजा. कुठल्या पानावर आहोत हे कळलं की पुढचं सगळं वाचता येतं.

गुप्तता हवी तेव्हा

त्यासाठी वेगळी फंक्शनं आहेत. मायएसक्यूएलमध्ये ‘रँडम बाइट्स’. त्याला १ ते १०२४ बाइट मागता येतात. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजीक्रिप्टो’ हे एक्स्टेन्शन बसवलं की ‘जेन रँडम बाइट्स’ मिळतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘क्रिप्ट जेन रँडम’. ओरॅकलमध्ये ‘डीबीएमएस क्रिप्टो’ या पॅकेजातलं ‘रँडम बाइट्स’. त्यांचे मागचे आकडे कितीही पाहिले तरी पुढचा व्यवहारात काढता येऊ नये, अशा बेताने ती बांधलेली आहेत. १६ बाइट घ्या, ‘हेक्स’मध्ये लिहा, ३२ अक्षरांचा कोड तयार. दिसायला तो मघाच्या एमडीफाइव्हच्या कोडसारखाच दिसेल. फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो माहीत असावा लागतो.

पासवर्ड बदलण्याचा कोड असेल तर आणखी दोन पथ्यं. टेबलात मूळ कोड ठेवू नका, त्याचा हॅश ठेवा. टेबल फुटलं तरी कोड हाती लागत नाहीत. आणि त्याला मुदत घाला.

तोच कोड पुन्हा आला तर?

एका खोलीत २३ माणसं असली तर त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. कूपनचं असंच आहे. ३२ चिन्हांतून सहा अक्षरी कोड केलात तर एकूण १०७ कोटी कोड होतात. आपण म्हणतो, एवढे आहेत, कशाला पुन्हा येईल? पण साधारण साडेअडतीस हजार कोड काढले की त्यांत कुठले तरी दोन सारखे निघण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवर जाते. आठ अक्षरं केलीत तर हा आकडा बारा लाखांच्या पुढे सरकतो. म्हणून नशिबावर सोडू नका. त्या रकान्यावर ‘युनिक’ अट घाला, टक्कर झाली की नवा कोड काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. आधी ‘सिलेक्ट’ करून बघायचं आणि मग भरायचं, हे पुरेसं नाही. त्या दोहोंच्या मध्ये दुसरा कुणी तोच कोड भरू शकतो.

सोडत: इथे गुपित नको

आता तिसरी मागणी. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात ऑनलाइन सोडत निघते; म्हाडाच्या घरांसाठीही संगणकीय सोडत निघते. हजारो घरं त्या निकालाकडे डोळे लावून बसलेली असतात. उद्या तुमच्या सोसायटीने पार्किंगच्या जागांसाठी किंवा तुमच्या शाळेने प्रवेशासाठी सोडत लिहायला सांगितली, तर काय कराल?

सहज सुचतं ते असं: अर्जांचं टेबल रँडने क्रम लावून पहिले शंभर घ्यायचे. गणित म्हणून यात फारसं चुकलेलं नाही. पण ती क्वेरी पुन्हा चालवली की नवे शंभर येतात. चालवणाऱ्याने ती एकदाच चालवली, की भाच्याचं नाव येईपर्यंत बारा वेळा चालवली, हे निकाल बघून कुणालाच सांगता येत नाही. त्याने ती प्रामाणिकपणे एकदाच चालवली असेल, तरी तेही त्याला सिद्ध करता येत नाही. दुसरा तोटा पहिल्याइतकाच मोठा आहे.

उपाय असा. पहिली पायरी: अर्जांची यादी बंद करायची आणि जाहीर करायची. त्यानंतर त्यात काना-मात्रेचाही बदल नाही. दुसरी पायरी: सगळ्यांसमोर फासे टाकायचे, समजा दहा वेळा, आणि ते आकडे फळ्यावर लिहायचे. हे झालं बीज, म्हणजे ‘सीड’. तिसरी पायरी: प्रत्येक अर्जासाठी बीज आणि अर्ज क्रमांक जोडून त्याचा ‘शा-२५६’ हॅश काढायचा, हॅशच्या क्रमाने यादी लावायची आणि पहिले शंभर घ्यायचे.

मायएसक्यूएलमध्ये यासाठी ‘शाटू’ आहे, पोस्टग्रेसमध्ये ‘शा-२५६’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘हॅशबाइट्स’. नंबर न लागलेला पालक घरी बसून, दुसऱ्याच डेटाबेसवर, हीच यादी पुन्हा काढू शकतो. उत्तर तेच यायला हवं. फक्त जोडणी कशी करायची हे आधीच नेमकं जाहीर करा: मध्ये रेघ आहे का, अर्ज क्रमांकाआधीची शून्यं धरायची का, अक्षरांची एन्कोडिंग कोणती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एन-व्हारचार’ आणि ‘व्हारचार’ यांचे हॅश वेगळे येतात, कारण आतले बाइटच वेगळे असतात.

गंमत बघा. कोडच्या वेळी आपण पुढचा आकडा कुणालाही कळू नये म्हणून धडपडत होतो. इथे सगळं उघड्यावर आहे आणि बळ आहे ते क्रमात. यादी आधी, फासे नंतर. हा क्रम उलटला की सगळं कोसळतं, कारण बीज कळल्यावर आपल्याला सोयीचा अर्ज क्रमांक शोधून यादीत घुसवता येतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: प्रत्येक ठिकाणी यूयूआयडी वापरला तर पुरेल ना?

उत्तर: कोणता यूयूआयडी, ते बघा. चौथ्या प्रकारात १२८ पैकी १२२ बिट रँडम असतात; पोस्टग्रेसचं ‘जेन रँडम यूयूआयडी’ त्या प्रकारचं आहे. मायएसक्यूएलचं ‘यूयूआयडी’ मात्र पहिल्या प्रकारचं, वेळेवरून आणि यंत्राच्या ओळखीवरून बनवलेलं. ते दुसऱ्या कुणाशी जुळणार नाही, पण त्यावरून शेजारचा अंदाज करता येतो. एकमेव असणं वेगळं आणि गुप्त असणं वेगळं.

प्रश्न: चाचणीचा डेटा दर वेळी तोच यायला हवा असेल तर?

उत्तर: तिथे साधं फंक्शनच उत्तम. मायएसक्यूएलमध्ये रँडला बीज द्या, पोस्टग्रेसमध्ये आधी ‘सेटसीड’ला उणे १ ते १ मधली संख्या द्या. पण ओळींचा क्रमही पक्का करा. आकडे त्याच क्रमाने आले आणि ओळी वेगळ्या क्रमाने आल्या, तर वाटणी बदलते.

प्रश्न: मोठ्या टेबलातून दहा रँडम ओळी काढायला फार वेळ लागतो.

उत्तर: लागणारच; दर ओळीला एक आकडा द्यायचा आणि सगळ्यांची क्रमवारी लावायची, दहा ओळींसाठी. दहा हजार ओळींना चालेल, कोटींना नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘टेबलसॅम्पल’ आहे. त्यातली ‘बर्नुली’ पद्धत प्रत्येक ओळीपाशी नाणं उडवते. ‘सिस्टिम’ पद्धत पानंच्या पानं उचलते, म्हणून वेगवान, पण शेजारशेजारच्या ओळी एकत्र येतात. ‘रँडम क्रमांकानंतरची पहिली ओळ’ ही युक्ती जलद आहे, पण मधले क्रमांक पुसलेले असतील तर मोठ्या खिंडारानंतरच्या ओळीला जास्त संधी मिळते. पानावर लेख सुचवायला चालेल, बक्षीस काढायला नाही.

प्रश्न: सहा आकडी ओटीपी तर दहा लाखच होतात. मग तो चांगल्या फंक्शनने काढून काय फायदा?

उत्तर: तीन-चार चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं थांबवतो आणि ओटीपीला काही मिनिटांचीच मुदत देतो, म्हणून दहा लाख पुरतात. पण ज्याला पुढचा ओटीपी आधीच काढता येतो, त्याला एकच प्रयत्न लागतो. प्रयत्नांची मर्यादा त्याच्या वाटेत येतच नाही. म्हणून क्वेरी लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हा आकडा ओळखून कुणाचा फायदा होणार आहे? कुणाचाच नसेल तर रँड खुशाल वापरा.